मोटारीच्या सुट्या भागांचा कर्बहिशेब

बंगळूरहून म्हैसूरकडे जाणाऱ्या मार्गावर बिडदी हे गाव लागते. तेथे टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीचा कारखाना असून 1999 च्या अखेरीपासून त्यात मोटारगाड्या तयार होत आहेत. (बेळगाव येथे 1888 साली सायकलींच्या दुकानाने ज्या किर्लोस्कर उद्योगाचा प्रारंभ झाला, त्या घराण्याचा या कंपनीत भाग आहे.) मोटार कारखान्यात तयार होते असे म्हणण्याची रीत असली, तरी वस्तुतः अशा कारखान्यात पत्र्याला आकार देणे, सांधणे, रंग देणे आणि जुळणी करणे ही कामे प्रामुख्याने होतात. एका मोटारीत लहानमोठे मिळून सुमारे तीस हजार भाग असतात. त्यांतील बहुसंख्य भाग पुरवठादारांकडून येतात. पुरवठादार आपला माल दुसऱ्या पुरवठादारांकडून घेतात, आणि ही साखळी मागे मागे जात अखेर लोखंडाच्या वा बॉक्साइटच्या खाणीपाशी संपते.

एक मोटार तयार होताना हवेत किती कार्बन डाय-ऑक्साइड वायू मिसळला, असा प्रश्न आज कारखानदारास विचारला जातो. हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. 12 किलोग्रॅम कार्बन पूर्ण जळाला म्हणजे तो हवेतील 32 किलोग्रॅम ऑक्सिजन घेतो व 44 किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण करतो. तेव्हा किती इंधन जळाले हे कळले की वायूचे वजन गणिताने काढता येते. कारखान्याच्या आवारात जळणाऱ्या इंधनापुरते हे खरेही आहे, आणि विकत घेतलेल्या विजेचा हिशेबही वीजबिलावरून करता येतो. अडचण आहे ती तिसऱ्या वर्गाची, म्हणजे बाहेरून आलेल्या मालाबरोबर येणाऱ्या उत्सर्जनाची. उत्सर्जनाचे हे तीन वर्ग ज्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने रूढ केले ती 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु तिसऱ्या वर्गाचे सविस्तर नियम निघण्यास 2011 साल उजाडले. मोटारीच्या निर्मितीतील फार मोठा वाटा याच वर्गात मोडतो.

या अडचणीचे मूळ पदार्थाच्या स्वभावातच आहे. ॲल्युमिनियमचे उदाहरण घ्यावे. एक टन ॲल्युमिनियम विद्युत्-विच्छेदनाने वेगळे करण्यास सुमारे 14,000 युनिट वीज लागते. ही वीज कोळशाची असेल तर दर युनिटामागे साधारणतः एक किलोग्रॅम, म्हणजे केवळ विजेपोटीच सुमारे 14 टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. जलविद्युत् वापरल्यास हा आकडा जवळजवळ नाहीसा होतो. या दोन प्रकारांनी मिळविलेले ठोकळे शेजारी शेजारी ठेवले तर दिसावयास सारखे असतात, काट्यावर सारखे भरतात, आणि प्रयोगशाळेत त्यांचे पृथक्करण केले तरी कोणता ठोकळा कोणत्या विजेने झाला हे सांगता येत नाही. लांबी मोजपट्टीने व उष्णता तापमापीने मोजावी, तसे वस्तूमागील उत्सर्जन मोजणारे कोणतेही उपकरण त्या वस्तूला लावता येत नाही. ज्याने ती वस्तू केली त्याने ठेवलेली नोंद हाच येथे एकमेव पुरावा होय. म्हणूनच माहितीची देवाणघेवाण हे या विषयात मापनाचे साधनच बनते.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत हजारो लहान कारखाने आहेत. त्यांपैकी एकात मोटारीसाठी एक किलोग्रॅम वजनाचा पोलादी दांडा घडविला जातो, असे समजून चालावे. पुढील आकडे उदाहरणादाखल कल्पिलेले असले, तरी वास्तवापासून दूर नाहीत. कातकामात तुकडे व चुरा निघत असल्यामुळे मूळ सळई 1.4 किलोग्रॅमची घ्यावी लागते. भारतात एक किलोग्रॅम पोलादामागे सरासरीने सुमारे 2.5 किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. कारण खनिजातील ऑक्सिजन काढून टाकण्याचे काम मुख्यत्वे कोळशातील कार्बन करतो. म्हणजे सळईचे 3.5 किलोग्रॅम झाले. घडाई व कातकाम यांस मिळून दोन युनिट वीज लागली, आणि देशातील विजेचा सरासरी आकडा युनिटामागे सुमारे 0.7 किलोग्रॅम धरला, तर आणखी 1.4. एकूण 4.9 किलोग्रॅम.

आता त्या कारखानदाराने भंगार वितळवून केलेले पोलाद आणले, ज्याचा आकडा किलोग्रॅमला एक आहे, आणि छपरावर सौर पट्ट्या बसवून विजेची गरज भागविली. दांड्याचे उत्सर्जन 1.4 किलोग्रॅमच्या आसपास आले. या श्रमाचे फळ खरेदीदाराच्या वहीत कसे दिसते?

अनेक मोठ्या कंपन्या आपला तिसऱ्या वर्गाचा हिशेब खरेदीच्या रकमेवरून करीत आल्या आहेत. अमुक जातीच्या मालावर एक रुपया खर्च झाला की अमुक ग्रॅम वायू निघाला, अशी सरासरीची कोष्टके असतात. कोष्टकात रुपयाला 30 ग्रॅम हा अंक आहे असे धरू. पूर्वीच्या 150 रुपयांच्या दांड्यामागे 4.5 किलोग्रॅम मांडले जात होते. नव्या दांड्याची किंमत 165 रुपये झाली, तर आता 4.95 मांडले जातील. हवेत जाणारा वायू तृतीयांशाहूनही खाली आला आणि कागदावर तो वाढला! सरासरीच्या कोष्टकाचा खरा दोष स्थूलपणा हा नव्हे. स्थूल अंदाज प्रारंभी उपयोगी पडतोच. ज्याने सुधारणा केली त्याला ते न केलेल्यापासून वेगळे ओळखू शकत नाही, हा त्याचा दोष आहे.

यावर उपाय म्हणून पुरवठादाराने आपले प्रत्यक्ष आकडे द्यावेत, असे सहज सुचते. परंतु सळईचे वजन, वाया जाणारा माल, यंत्राला लागणारी वीज आणि पोलाद कोठून घेतले, हे चार आकडे हाती आले की कसलेल्या खरेदी अधिकाऱ्यास त्या दांड्याचा उत्पादनखर्चही मांडता येतो. पुढच्या वर्षी भाव ठरविताना ते आकडे पुरवठादाराविरुद्ध वापरले जातील, ही भीती अवास्तव नाही. किंबहुना, माहिती देण्यास कारखानदार तयार नसतात अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे बरेचसे कारण अज्ञानात नसून या व्यवहारज्ञानात आहे.

तेव्हा तपशील न देता केवळ बेरीज पुढे सरकवावी, अशी पद्धत आता रुजत आहे. पोलाद कारखाना आपला एकच आकडा सळईबरोबर देतो; दांडा करणारा त्यात स्वतःचा भाग मिळवून नवी बेरीज पुढे पाठवितो; गिअरपेटी जुळविणारा तसेच करतो. बेरजेसोबत काही गोष्टी मात्र सांगाव्याच लागतात: हिशेब खाणीपासून कोणत्या टप्प्यापर्यंतचा आहे, कोणत्या वर्षाचा आहे, कोणत्या नियमाने केला, त्यातील किती भाग प्रत्यक्ष मोजलेला व किती कोष्टकातून घेतलेला आहे, आणि त्याची तपासणी कोणी केली. जर्मनीत 2021 मध्ये स्थापन झालेली कॅटेना-एक्स ही संस्था मोटार उद्योगासाठी अशी सामाईक व्यवस्था उभारीत आहे. तिच्या रचनेत सर्व माहिती एका ठिकाणी गोळा केली जात नाही. ती मालकाच्याच संगणकावर राहते, आणि ठरलेल्या अटींवर, ठरलेल्या ग्राहकास, ठरलेला आकडा मिळतो. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, बॉश आणि सॅप या कंपन्या तिच्यात सहभागी आहेत. यांपैकी बॉशचे कारखाने बंगळूर व बिडदी येथे आहेत, तर सॅप आणि मर्सिडीज-बेंझ यांची मोठी अभियांत्रिकी केंद्रे बंगळूर शहरात आहेत.

बेरीज पाठविल्याने गुपित पूर्णतः सुरक्षित राहते, असेही नाही. दांड्यासारखा एकाच धातूचा भाग असेल, तर वजन व धातूचा आकडा ठाऊक असणारा ग्राहक वजाबाकी करून बरेच ताडू शकतो. गुंतागुंतीच्या भागांना जे संरक्षण मिळते ते साध्या भागांना मिळत नाही, आणि पीण्यातील अनेक लहान कारखाने साधे भागच करतात.

शिवाय हिशेबाची पद्धत एक नसेल तर दोन प्रामाणिक आकडेही जुळत नाहीत. कारखान्यात विजेचा मीटर एक आणि ग्राहक दहा असतात. बेस्कॉम या वीज कंपनीचे महिन्याचे बिल त्या दहांत वाटावयाचे कसे? मालाच्या वजनावर वाटले तर जड व ओबडधोबड भागांवर भार पडतो. यंत्राच्या तासांवर वाटले तर बारीक कामावर. विक्रीच्या रकमेवर वाटले तर महाग मालावर. विजेच्या आकड्याचेही असेच. कर्नाटकात जल, पवन व सौर विजेचे प्रमाण मोठे आहे. तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथील सौर प्रकल्प 2,050 मेगावॅटचा आहे. तथापि 2013 च्या अखेरीस देशातील सर्व वीजजाळी एकमेकांशी जोडली गेली असल्यामुळे केंद्रीय विद्युत प्राधिकरण संपूर्ण देशाचा एकच सरासरी आकडा प्रसिद्ध करते, आणि बंगळूरचा कारखाना सामान्यतः तोच धरतो.

हे सर्व आता केवळ ऐच्छिक उरलेले नाही. युरोपीय संघाने आयात पोलाद, ॲल्युमिनियम इत्यादींवर कर्बाचा आकार बसविण्याची योजना ऑक्टोबर 2023 मध्ये नोंदणीपुरती सुरू केली व 1 जानेवारी 2026 पासून ती प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली. संपूर्ण मोटार तीत नसली तरी पोलादी स्क्रू व बोल्ट आहेत. मोजलेला आकडा न दिल्यास नियमात ठरवून दिलेला चढा आकडा लावला जातो. आपल्याकडे भांडवल बाजार नियामक सेबीने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना पुरवठा साखळीची माहिती प्रकट करण्याची तरतूद 2023 मध्ये केली. 2025 मध्ये मात्र ती ऐच्छिक ठेवण्यात आली.

मोजण्याचा खर्च मात्र साखळीच्या सर्वांत अशक्त कडीवर पडतो. मोठ्या कंपनीकडे या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो; वीस कामगारांच्या कारखान्यात बिले, कर, भरणा आणि हा नवा तक्ता एकाच हिशेबनिसाच्या मेजावर येतो. प्रत्येक ग्राहकाचा तक्ता निराळा असला म्हणजे तेच आकडे दहा वेळा भरावे लागतात. सामाईक नियमावलीचा सर्वांत प्रत्यक्ष लाभ कोणता असेल, तर तो हाच. प्रारंभ करावयाचा झाल्यास मोठी भट्टी किंवा जास्त वीज घेणारे यंत्र निवडून त्याला वेगळा सब-मीटर बसवावा आणि प्रत्येक पाळीअखेर त्यावरील आकडा व त्या पाळीत निघालेल्या नगांची संख्या एकाच वहीत शेजारी शेजारी लिहावी. भंगार म्हणून विकलेल्या चुऱ्याचे वजनही त्याच पानावर नोंदवावे. कारण सळईच्या 1.4 किलोग्रॅमपैकी 0.4 कोठे गेले, हा प्रश्न तपासनीस प्रथम विचारतो.