प्रवेश नाकारला गेल्यास प्रथम काय पाहावें ?

डिंभ्यास घोड नदीकांठीं बसून लिनक्स संगणकावरून आयफोनमध्यें ॲप स्टोअरबाहेरचें ॲप घालावयाचें, तरी ॲपल खात्यानें प्रवेश करावा लागतो. कारण ॲपवर त्या खात्याची सही लागते. परवलीचा शब्द बरोबर असूनही प्रवेश नाकारला गेला, कीं विद्यार्थी तोच शब्द पुनःपुन्हां टंकीत बसतात. यानें खात्यास कुलूप लागूं शकतें, आणि तें खातें बहुधा वडिलांचें असतें !

म्हणून आम्हीं क्रम सुचवितों. प्रथम संगणकाचें घड्याळ पाहावें. जुन्या यंत्रांतील लहान बॅटरी संपली, कीं तें चुकतें. मागणीबरोबर वेळही पाठविली जात असल्यानें मागणी फेटाळली जाते. दुसरें, यंत्राची ओळख पटविणारी 'ॲनिसेट' ही माहिती लिनक्सवर आयती नसते. ती बहुधा दुसऱ्या सर्व्हरकडून आणावी लागते. तो सर्व्हर बंद असल्यास दोष आपल्या शब्दाचा नव्हे, थांबावें. तिसरें, खात्याच्या विश्वासू फोनवर येणारा सहा अंकी संकेत विलंब न लावतां भरावा.

फुकट खात्याची सही ७ दिवसच टिकते. म्हणजे हा प्रसंग पुन्हां येणारच. यास्तव पालकांच्या संमतीनें या कामापुरतें निराळें खातें ठेवावें. कारण शोधल्यावांचून केलेला पुनःप्रयत्न हा उद्योग नव्हे, हें ध्यानांत असावें.