दाबसंवेदकाचा वर्गातील निर्धोक वापर

गावतळ्याची पाळ माथ्याशी अरुंद व पायथ्याशी रुंद का असते, हा प्रश्न भंडारा जिल्ह्यातील मुलांस परका नाही. आपल्याकडील मालगुजारी तलाव बांधणाऱ्यांस खोलीबरोबर पाण्याचा रेटा वाढतो, हे पुरते ठाऊक होते. आठवीच्या ‘बल व दाब’ या पाठात तेच शिकवावयाचे असते. आणि आता काही शाळांतून त्यासाठी इलेक्ट्रॉनिक दाबसंवेदकही आले आहेत.

एका शाळेत असा संवेदक मला कपाटात कुलूपबंद आढळला. एका विद्यार्थ्याने त्यास सायकलचा पंप जोडला होता. तेव्हापासून तो एकच आकडा दाखवीत होता. मुलाचा त्यात दोष काय? मर्यादा त्यास कोणी सांगितलीच नव्हती.

‘एमपीएक्स ५०१०’ हा संवेदक घ्या. त्याची मापनकक्षा ० ते १० किलोपास्कल, म्हणजे सुमारे एक मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतकी. ७५ किलोपास्कलपलीकडचा दाब दिल्यास तो कायमचा बिघडू शकतो. सायकलचा पंप याच्या कितीतरी पट दाब सहज निर्माण करतो. बिनसुईची पिचकारीही निरुपद्रवी समजू नये. बंदिस्त २० मि.लि. हवा १० मि.लि.पर्यंत दाबली, तर दाब वातावरणाहून सुमारे १०० किलोपास्कलने वाढतो; १८ पर्यंत दाबली तरी मापनकक्षा ओलांडली जाते.

संवेदकाच्या पोटातील सिलिकॉनचा पातळ पडदा कोरड्या हवेसाठी आहे. तो पाण्यात बुडवू नये, नळीतून तोंडाने फुंकूही नये. संवेदक मेजावर व बादली खाली जमिनीवर ठेवावी. नळीचे एक टोक संवेदकास जोडून दुसरे पाण्यात हळूहळू सोडावे. आतील हवाच दाब वर पोहोचविते. नळीत थोडे पाणी शिरते, म्हणून खोली त्या आतील पातळीपर्यंत मोजावी. विद्युत्पुरवठा संगणकाच्या यूएसबी जोडणीतून ५ व्होल्टचाच घ्यावा. ९ व्होल्टची बॅटरी सरळ जोडू नये. तारा जोडताना हात कोरडे असावेत, हे निराळे सांगणे नको.

दाब नसताना सुमारे ०.२ व्होल्ट व ३० सें.मी. खोलीवर सुमारे १.५ व्होल्ट मिळावेत. न मिळाल्यास संवेदकावर आंधळा विश्वास ठेवू नये. रंगीत पाण्याची यू-नळी त्याच नळीस फाट्याने जोडावी आणि दोन्ही भुजांतील पातळ्यांचा फरक मुलांकडूनच पट्टीने मोजवून घ्यावा.