रूळ, सातबारा आणि परवानगी : नांदेड-लातूरचा अनुभव

लातूरच्या बाजारपेठेला रेल्वे मिळाली ती 1911 साली, बार्शी लाइट रेल्वेच्या रूपाने. हा मार्ग अवघ्या अडीच फूट रुंदीचा असल्याने मुंबईकडे निघालेला धान्याचा डबा कुर्डुवाडीस रिकामा करावा लागे आणि पोती हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडीत चढत. वेळ, मजुरी व सांडलवंड यांचा भार अखेर शेतमालाच्या भावावरच पडे. नांदेडच्या मीटरगेजवरील मालाची मनमाडला हीच गत होती. मराठवाडा जनता विकास परिषदेने लावून धरलेली ब्रॉडगेजची मागणी व्यापाऱ्यांनाही आपलीच वाटावी, याचे कारण ही दुहेरी चढउतार होय. मनमाड-औरंगाबाद मार्ग 1992 मध्ये रुंद झाला. लातूर-कुर्डुवाडी मार्गास 2008 साल उजाडले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी थेट लातुरात पोहोचली, ती या रुंद रुळांवरूनच.

रूळ टाकण्यापेक्षा रुळाखालची जमीन मिळविणे अवघड, हे मात्र पुढील दोन कामांवरून दिसते. लातूरजवळील रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी 31 मार्च 2018 रोजी झाली व डिसेंबर 2020 मध्ये तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. (नियमित उत्पादनास पुढे थांबावे लागले, पण त्याची कारणे वेगळी.) याउलट 284 किलोमीटरच्या वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची पायाभरणी 2009 मध्ये होऊनही त्यातील वर्धा-कळंब हा पहिला टप्पा 2024 मध्ये सुरू झाला, नांदेडकडील काम तेव्हाही बाकीच होते. निधी, बोगदे व पूल यांचा वाटा यात आहेच. परंतु कारखाना एका आवारात उभा राहतो, तर रेल्वेमार्ग शेकडो गावांच्या शिवारांतून जातो. प्रत्येक शिवारात संयुक्त मोजणी, हरकती, मूल्यांकन व निवाडा ही कामे नव्याने करावी लागतात.

उद्योजकांची परवानग्या लवकर मिळाव्यात ही मागणी जुनीच आहे. औद्योगिक क्षेत्रात नेमून दिलेल्या जमिनीच्या खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरास अकृषिक परवानगी लागू नये, यासाठी जमीन महसूल संहितेत कलम 44-अ आले. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये अधिसूचित सेवेस मुदत ठरली. सबळ कारणाविना विलंब केल्यास अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. 2023 च्या कायद्याने ‘मैत्री’ या एक खिडकी व्यवस्थेस वैधानिक आधार दिला.

तथापि खिडकी एक झाली तरी तिच्यामागील दप्तर गावातच राहते. सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव, वाटणी केवळ तोंडी, विहीर व झाडे यांची नोंद नाही, अशा गटाचा मोबदला कोणास द्यावयाचा हा प्रश्न उभा राहतो. रक्कम अडकते, शेतकरी ताबा देण्यास कचरतो आणि काम थांबते. म्हणून घाई करावयाची ती शेतकऱ्याच्या हरकतीचा काळ कापून नव्हे, तर नोंदी वेळेपूर्वी दुरुस्त करून. त्याचे म्हणणे ऐकण्यात गेलेले दिवस विलंबात धरणे न्याय्य नाही.

वारस फेरफारावर हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते. हे पंधरा दिवस मोजणीचे पथक गावात येण्यापूर्वी संपलेले असावेत, यासाठी मयत खातेदारांची यादी ग्रामसभेत वाचून दाखविणे तलाठी व सरपंच यांना आजही शक्य आहे.