चालून जळालेल्या कॅलरी वहीत लिहाव्यात का?



सकाळी विहारासमोरच्या मैदानात चालायला येणाऱ्या एका ताईंनी गेल्या महिन्यात आमच्यापुढे मोबाइल धरला. ताईंचे वय ४२, वजन ६५ किलो, उंची पाच फुटांना जरा कमी. रक्तातली साखर नुकतीच वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत पाच किलो वजन उतरवून दाखवा, मग गोळीचे बघू. ताई त्या दिवसापासून रोज तासभर चालतात. मुलाने मोबाइलमध्ये कॅलरी मोजायचे ॲप घालून दिले आहे, त्यात खाल्लेले आणि चाललेले दोन्ही न चुकता भरतात. दोन महिने झाले तरी काटा जागचा हलला नव्हता. ताईंनी विचारले, "दादा, हे मशीन खोटं बोलतंय का मी?"

आम्ही बाकावर बसून सगळा हिशेब पाहिला. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. पण हिशेबाची पद्धतच अशी होती की ताईंच्या मेहनतीचे पैसे खात्यात जमा होण्याआधीच खर्ची पडत होते.

ॲपने ताईंना दिवसाला १४०० कॅलरी खायला सांगितले होते. तासभर चालल्याचे भरले की ॲप २३० कॅलरी जळाल्या असे दाखवी आणि खाण्याचा आकडा १६३० करी. ताईंना वाटे, आपण कमावले ते खायला काय हरकत आहे? मग संध्याकाळी कामावरून येताना वडापाव नाहीतर रात्री एक भाकरी जास्त. रोजंदारीवर वाढलेल्या माणसाला हा हिशेब पटतो, कारण घाम गाळला की मजुरी मिळालीच पाहिजे. शरीराचा हिशेब मात्र तसा चालत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, त्या २३० मध्ये ताई तो तास घरी नुसत्या बसून राहिल्या असत्या तरी लागल्या असत्या अशा कॅलरी धरलेल्या होत्या. श्वास, हृदय, मेंदू यांचे काम बसल्या जागीही चालूच असते. ६५ किलोच्या माणसाला त्यासाठी तासाला साधारण ६५ कॅलरी लागतात. त्या वजा केल्या तर चालण्याने खरोखर जादा जळाल्या १६० च्या आसपास. एक वडापाव सुमारे ३०० कॅलरींचा असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ॲप सुरू करताना त्याने विचारले होते, तुमचे दिवसभराचे काम कसे असते? मुलाने 'खूप हालचाल' हा पर्याय निवडला. त्यात चूक काही नाही. ताई चार घरची धुणीभांडी करतात, दोन वेळा पाणी भरतात. पण १४०० हा आकडा त्या सगळ्या हालचाली धरूनच काढलेला होता. त्यावर चालण्याच्या कॅलरी पुन्हा मिळवल्या की एकच मेहनत दोनदा मोजली जाते. 'बसून काम' हा पर्याय निवडणाऱ्याने व्यायाम वेगळा भरला तर निदान दुहेरी मोजणी होत नाही.

तिसरी गोष्ट घड्याळांची. वस्तीतल्या पोरांच्या मनगटावर हल्ली कॅलरी दाखवणारी घड्याळे दिसतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली अशी सात यंत्रे ६० जणांच्या हातावर बांधून तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले, आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. किराणा दुकानातला तराजू एवढा चुकला तर आपण दुकान बदलू.

आता ताईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९९२ साली एक अभ्यास छापला. त्यांच्याकडे आलेल्या दहा जणांचे म्हणणे होते की आम्ही अगदी कमी खातो, तरी वजन उतरत नाही. मोजून पाहिल्यावर असे निघाले की ते आपले खाणे जवळजवळ निम्म्याने कमी सांगत होते आणि हालचाल दीडपट सांगत होते. ही माणसे लबाड नव्हती. उभ्याउभ्या तोंडात टाकलेले, पोराच्या ताटात उरले म्हणून संपवलेले, मालकिणीने दिलेला चहा, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. ताईंच्या मोबाइलमध्येही चार घरचे चार चहा नव्हते. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. पाच ग्रॅमचा एक चमचा २० कॅलरींचा, म्हणजे नुसत्या साखरेच्या १६० कॅलरी झाल्या. पूर्ण तासाचे चालणे त्या चार कपांत विरघळत होते!

"मी दिवसभर राबते, तरी जाड कशी?" हा प्रश्न आम्हाला वस्तीत नेहमी ऐकू येतो, आणि विचारणाऱ्या बाईला बहुतेक वेळा आळशी ठरवले जाते. तो अन्याय आहे. टांझानियात हाडझा नावाचे लोक अजून शिकार आणि कंदमुळे गोळा करून राहतात, रोज मैलोन्मैल चालतात. २०१२ साली संशोधकांनी त्यांचा दिवसाचा एकूण खर्च मोजला. अंगाच्या आकाराचा फरक काढून टाकल्यावर तो अमेरिकेतल्या माणसांइतकाच निघाला. रोजच्या मेहनतीला शरीर सरावते आणि दुसरीकडे कुठेतरी काटकसर करते, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. तेव्हा राबणाऱ्या बाईचे वजन वाढले म्हणून तिला बोल लावू नये आणि तिनेही स्वतःला लावून घेऊ नये.

मग व्यायाम लिहायचाच नाही का? लिहायचा, पण मिनिटांत. आज ४० मिनिटे चाललो, बस्स. कॅलरीचा आकडा खाण्याच्या हिशेबात मिळवायचा नाही. बहुतेक ॲपमध्ये व्यायामाच्या कॅलरी खाण्यात जमा होणे बंद करता येते. जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोरांकडून करून घ्या. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. ताईंचे रोजचे १६० वाचले तर महिन्याला सहाशे ग्रॅमच्या वर उतरू शकते. तेच खाऊन टाकले तर शून्य.

चालणे वाया जाते असा अर्थ मात्र कोणी काढू नये. वजन न उतरताही चालण्याने स्नायू रक्तातली साखर उचलतात, रक्तदाब सुधारतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. आठवड्याला निदान १५० मिनिटे चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कॅलरी मोजणे ज्यांना जमत नाही (आम्हालाही आठवड्याच्या वर जमलेले नाही) त्यांनी तेलाच्या पिशव्या मोजाव्यात. एक लिटर तेलात ८००० हून जास्त कॅलरी असतात. चार माणसांच्या घरात महिन्याला एक पिशवी कमी आली की माणशी २००० कॅलरी कमी, आणि पैसेही वाचतात. यासाठी मोबाइल लागत नाही, किराणाची यादी पुरते.

संयुत्त निकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात जेवून धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी जेवणात मात्रा ओळखण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने एका तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. त्याने एकदम उपास धरला नाही. हळूहळू कमी करत एक नाळी भातावर आला आणि अंगाने सडसडीत झाला. लक्षात घेण्यासारखे हे की त्याने फक्त ताटातले मोजले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हमाली, बिगारी, माथाडीचे काम करणारे, पोलीस भरतीसाठी रोज मैदानावर पळणारी मुले-मुली, अंगावर पाजणाऱ्या माता यांना जास्त अन्न लागतेच. त्यांनी ॲपचा कमी आकडा पाळून उपाशी राहू नये. प्रत्येकाने सुरुवातीला आपल्या कामाचा पर्याय एकदाच खरा निवडावा, तीन-चार आठवडे तसेच चालू द्यावे आणि आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी पोट रिकामे असताना वजन करावे. काटा हलत नसेल तर रोजची एक भाकरी किंवा चहातली साखर कमी करावी. आठवड्याला किलोपेक्षा जास्त उतरत असेल, चक्कर येत असेल, तर खाणे वाढवावे. कंबरही टेपने मोजा. आपल्याकडच्या बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत असलेली बरी.

ताईंनी चारपैकी तीन चहा बिनसाखरेचे केले आहेत. चौथा सोडवत नाही म्हणाल्या. राहू दे म्हटले.

जे इन्सुलिन घेतात किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या खातात त्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये, आणि खाणे कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण औषधाचे प्रमाण बदलावे लागू शकते. चालताना हातपाय थरथरले, गार घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी आणि सोबतच्या माणसाला दवाखान्यात न्यायला सांगावे. त्यासाठी साखरेची पुडी पदराला किंवा खिशात असू द्यावी, आणि ती साखर कोणत्याही हिशेबात धरू नये.