‘नुसता मुरगळलाय’ : घोट्याची आणि पावलाची रचना

मानवी पावलात 26 हाडे असतात : मागे आणि मध्ये सात गुल्फास्थी, त्यांच्यापुढे पाच मेटाटार्सल आणि बोटांची चौदा. नडगीचे टिबिया आणि तिच्या बाहेरच्या अंगाचे सडपातळ फिब्युला ही हाडे पावलात धरत नाहीत, पण घोटा होतो तो त्यांच्याच खालच्या टोकांचा. टिबियाचे टोक आतला घोटा बनवते, फिब्युलाचे बाहेरचा. बाहेरचा जरा जास्त खाली उतरलेला असतो. दोहोंमधल्या खोबणीत टॅलस हे हाड बसते.

टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो आणि त्याचा बराचसा पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असतो. रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा कमी, म्हणून हे हाड मोडले तर भरून यायला त्रास देते. त्याचा माथा पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. चवडा वर उचलला की रुंद भाग खोबणीत घट्ट अडकतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैलावतो. जिना किंवा गड उतरताना आणि उंच टाचांच्या चपला घातल्यावर पाय का मुरगळतो, त्याचे एक कारण हे आहे. पाऊल आत-बाहेर कलते ते मात्र मुख्यतः घोट्यात नव्हे, तर त्याखाली टॅलस आणि टाचेचे हाड जिथे भेटतात त्या सांध्यात.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात. त्यांतले पुढचे, फिब्युलाकडून टॅलसकडे जाणारे, सर्वांत दुबळे. पाऊल आत वळले की बहुधा तेच आधी फाटते. आतल्या बाजूचे पंख्यासारखे पसरलेले डेल्टॉइड लिगामेंट पुष्कळ मजबूत असते, इतके की काही वेळा ते फाटण्याऐवजी आतल्या घोट्याचा तुकडाच उपटून येतो. सूज मात्र सगळ्या दुखापतींत सारखीच दिसते. म्हणून सूज पाहून निदान करणाऱ्यावर विसंबू नये, बोटाने हाडन् हाड दाबून पाहणाऱ्यावर विसंबावे.

दाबायचे कुठे, हे ठरलेले आहे. कॅनडातील ओटावा येथे 1992 मध्ये मांडलेले नियम आज जगभर वापरले जातात. दोन्ही घोट्यांच्या हाडांचा मागचा काठ खालच्या सहा सेंटिमीटरपर्यंत आणि त्यांची टोके, करंगळीमागच्या पाचव्या मेटाटार्सलचे बूड आणि पावलाच्या आतल्या बाजूचे नॅव्हिक्युलर हाड, यांपैकी कुठे दाबल्यावर दुखले, किंवा रुग्णाला दुखापतीनंतर लगेच आणि तपासतानाही चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढावा. तपासणीला दोन मिनिटे पुरतात आणि खर्च काहीच नाही. तरीही ती अनेक ठिकाणी होत नाही, हे प्रस्तुत लेखक स्वतःच्या पायाच्या जोरावर सांगू शकतो.

पावलाच्या मधल्या भागात नॅव्हिक्युलर, क्युबॉइड आणि तीन क्युनिफॉर्म हाडे असतात. त्यांच्या पुढच्या कडेला पाचही मेटाटार्सल जिथे टेकतात, त्या ओळीला लिस्फ्रांक सांधा म्हणतात. झाक लिस्फ्रांक हा नेपोलियनच्या काळातला फ्रेंच शल्यचिकित्सक. या ओळीतून पाऊल कापण्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचे नाव इथे चिकटले. दुसऱ्या मेटाटार्सलचे बूड इतरांपेक्षा मागे, पहिल्या आणि तिसऱ्या क्युनिफॉर्मच्या मध्ये, खाचेत ठोकलेल्या पाचरीसारखे बसते आणि सगळी कमान त्याच्यावर तोलली जाते. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची मेटाटार्सल बुडाशी एकमेकांना लिगामेंटने बांधलेली असतात, पण पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये असा थेट बंध नसतो. तिथला सगळा भार पहिल्या क्युनिफॉर्मपासून दुसऱ्या मेटाटार्सलकडे तिरके जाणाऱ्या एका लिगामेंटवर असतो. ते तुटले की पावलाचा मध्य उकलू लागतो.

त्याला मोठा अपघात लागत नाही. शेवटची पायरी चुकली, चवडा जमिनीत रुतला आणि अंगाचे वजन मागून त्यावर आले, एवढे पुरते. प्रस्तुत लेखकाचे असेच झाले. पहिल्या डॉक्टरांनी मोजाही न काढता घोटा चाचपला, टेबलावर पाय आडवा ठेवून घोट्याचा एक्स-रे काढवला आणि फोनवर बोलता बोलता ‘नुसता मुरगळलाय, हाड शाबूत आहे’ असा निकाल दिला. क्रेप बँडेज, गोळ्या आणि ‘चालत राहा, नाहीतर आखडेल’. चवड्यावर भार घेतला की कळ येते, हे सांगितल्यावर उत्तर आले, ‘दुखणारच.’ वेदना घोट्यात नसून त्याच्या पुढे आहे, हे वाक्य रुग्णाने पुन्हा पुन्हा उच्चारले होते. केसपेपरवर त्याचा एक शब्दही नाही.

उलगडा झाला तो दुसऱ्या दवाखान्यात आणि तोही यंत्राविना. तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञ बाईंनी पाय वर उचलून आधी तळवा पाहिला. तळव्याच्या मधोमध काळानिळा डाग होता. वरून सूज कितीही असो, तळव्यावर साकळलेले रक्त हे लिस्फ्रांक इजेचे इशारा देणारे लक्षण आहे. त्यांनी दोन्ही पायांवर उभे करून एक्स-रे काढायला सांगितले आणि दोन्ही पावले शेजारी ठेवून पाहिली. दुखऱ्या पायात पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडांमधली फट रुंदावलेली होती. आडव्या पायाच्या एक्स-रेत ती मिटलेली दिसू शकते, हे खरे. पण पहिल्या डॉक्टरांनी नंतर ‘तेव्हा फिल्ममध्ये काही नव्हतंच’ म्हणून हात झटकले, त्याला ही सबब पुरत नाही. तळवा फिल्ममध्ये नव्हे, समोर होता.

हाडे जागेवर असतील तर प्लास्टर घालून काही आठवडे पायावर अजिबात भार न देता ही इजा सांभाळता येते. सरकलेली असतील तर स्क्रू किंवा पट्ट्या लागतात. त्या पायावर चालत राहण्याचा सल्ला म्हणजे पहिल्या गटातल्या रुग्णाला दुसऱ्या गटात ढकलणे. तेल लावून चोळून घेणे आणि पहिल्या दोन दिवसांत गरम शेक देणे, दोन्ही टाळावे. एक्स-रेच्या फिल्म, सीडी आणि चिठ्ठ्या स्वतःकडे ठेवाव्यात. दवाखान्याकडच्या प्रती गहाळ व्हायला वेळ लागत नाही.

पाचव्या मेटाटार्सलचे बूड पावलाच्या बाहेरच्या काठावर हाताला लागते. पोटरीतून येणारा पेरोनियस ब्रेव्हिसचा कंडरा तिथे चिकटतो, आणि पाय मुरगळताना इथला हाडाचा तुकडा ओढला जाऊन सुटू शकतो. तो सहसा विनातक्रार जुळतो. त्याच्या जरा पुढचा भंग मात्र रक्तपुरवठा तोकडा असल्याने रेंगाळतो. त्याचे वर्णन रॉबर्ट जोन्स यांनी 1902 मध्ये केले. त्यांचा स्वतःचा पाय नाचताना मोडला होता. लहान मुलांत या हाडाच्या बुडाशी वाढीची रेघ असते आणि ती भंगासारखी दिसते.

बोटांची हाडे अंगठ्यात दोन आणि इतरांत तीन-तीन. अंगठ्याच्या बुडाखाली कंडऱ्यात दोन वाटाण्याएवढी हाडे असतात. ती 26 मध्ये मोजत नाहीत.

टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला तळव्याचा जाड पडदा कमानीला खालून धरतो; सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेत उठणारी कळ बहुधा त्याची. पोटरीचे स्नायू अकिलीस कंडऱ्याने टाचेला जोडलेले असतात. तो तुटल्यावर मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटते. पालथे झोपवून पोटरी दाबली आणि पाऊल हलले नाही, तर तो तुटल्याचे समजावे.

आतल्या घोट्यामागून टिबियल नस आणि धमनी तळव्यात उतरतात. दुसरी धमनी पावलाच्या पाठीवरून येऊन पहिल्या दोन मेटाटार्सलच्या मधून खाली जाते, म्हणजे लिस्फ्रांक इजेच्या अगदी शेजारून. म्हणून तिथली नाडी आणि बोटांची संवेदना तपासणे आवश्यक ठरते. मधुमेहात पावलाच्या नसा बधिर होऊ शकतात. अशा रुग्णाचे पाऊल फारसे न दुखता लाल, गरम आणि सुजलेले दिसले तर ते मुरगळणे किंवा साधा जंतुसंसर्ग समजून सोडू नये. शार्को विकारात पावलाची हाडे, बहुतेकदा याच मधल्या ओळीत, वेदनेविना ढासळत असतात, आणि त्यावर पहिला उपचार पायावरचा भार पूर्ण काढून घेणे हाच असतो.