ग्रँड कॅन्यन : उलटा डोंगर, बांधलेली नदी

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने वाळवंटी पठार कापून एक प्रचंड घळ तयार केली आहे. लांबी ४४६ कि.मी., रुंदी काही ठिकाणी २९ कि.मी. आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त. तिचा फोटो आपण कॅलेंडरवर पाहिलेला असतो, पण तो फोटो काठावरून घेतलेला असतो. आत उतरायचं तर पाठीवर सॅक घेऊन पायी जाता येतं किंवा राफ्टमधून नदीने. मी तिथे गेलेले नाही. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ‘हायड्रॉलिक जंप’ शिकताना लायब्ररीत याबद्दल वाचत गेले आणि वाटलं, आपला निम्मा सिलॅबस या घळीत उघड्यावर पडलाय! तोच इथे मांडते आहे.

पायी : आधी उतार, मग चढ

आपण सह्याद्रीत गड चढतो. दमलो तर अर्ध्यातून परत फिरतो आणि परतीची वाट उताराची असते. ग्रँड कॅन्यनमध्ये सगळं उलटं. ‘ब्राइट एंजल’ ही नेहमीची पायवाट दक्षिण काठावर सुमारे २,०९० मीटर उंचीवर सुरू होते आणि नदीजवळच्या कॅम्पपर्यंत सुमारे ७५० मीटरवर उतरते. सकाळी थंड हवेत, ताज्या पायांनी उतरताना सोपं वाटतं. जसजसं खाली जावं तसतशी हवा तापत जाते. उन्हाळ्यात तळाशी सावलीतही चाळिशीच्या वर पारा असतो. अवघड अर्धा भाग दमल्यावर पुढ्यात येतो.

आता थोडं गणित. माणूस ७० किलो, सॅक १५ किलो, चढ १,३४० मीटर. वस्तुमान गुणिले g गुणिले उंची, म्हणजे साधारण ११ लाख ज्यूल. शरीराची कार्यक्षमता २० टक्के धरली तर एकूण सुमारे ५६ लाख ज्यूल खर्च होतात आणि त्यातले ४५ लाख नुसती उष्णता म्हणून बाहेर टाकावे लागतात. एक लिटर घाम वाळताना साधारण २४ लाख ज्यूल उष्णता नेतो. म्हणजे फक्त उंची चढण्यासाठीच जवळजवळ दोन लिटर घाम! चालायचं अंतर १५ किलोमीटर आहे, वरून ऊन आहे, तापलेल्या खडकाची धग आहे. ते सगळं वेगळं.

म्हणून उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात चढू नका, असं नॅशनल पार्कवाले बजावतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घामातून मीठही जातं. भीतीपोटी नुसतं पाणीच पाणी प्यायलं तर रक्तातला सोडियम पातळ होतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळू लागतो आणि जीवही जाऊ शकतो. त्यामुळे पाण्याबरोबर खारवलेलं खाणं हवंच. सॅकमधले शेंगदाणे म्हणजे नुसती चैन नव्हे.

वाटेवरच्या नळांचं पाणी उत्तर बाजूच्या ‘रोअरिंग स्प्रिंग्ज’ या झऱ्याचं. ते घळ ओलांडून दक्षिण काठापर्यंत नेणारी पाइपलाइन १९७० मध्ये पूर्ण झाली आणि नंतर वारंवार फुटत आली. तेव्हा नळाला पाणी आहे का, हे विचारूनच निघायचं.

राफ्टमधून : रॅपिड कसा तयार होतो?

१८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताने अधू असलेला भूगर्भशास्त्रज्ञ चार होड्या आणि नऊ साथीदार घेऊन नकाशाशिवाय निघाला. प्रवास संपत आला असताना, २८ ऑगस्टला एक भयंकर रॅपिड पाहून तीन जणांनी नदी सोडली आणि ते कडा चढून वाळवंटात गेले. ते परत कुणाला दिसले नाहीत. नदीत राहिलेले सहा जण दोन दिवसांत घळीबाहेर पडले. पुढे काय आहे याची माहिती नसणं किती महाग पडतं, बघा.

आज आपल्याला माहीत आहे, की हे रॅपिड बहुतेक बाजूच्या ओढ्यांच्या तोंडाशी असतात. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण पडला की ओढ्यातून चिखल आणि घराएवढाले धोंडे ओल्या काँक्रीटसारखे वाहत येतात. त्यांचा पंखा नदीत पसरतो आणि पात्र आवळलं जातं. पंख्याच्या वर पाणी साचून शांत असतं. अरुंद जागेत त्याचा वेग वाढतो, फ्रूड नंबर एकच्या वर जातो. पुढे पात्र रुंद झालं की पाणी एकदम उसळून हळू होतं. हीच आपली हायड्रॉलिक जंप. लॅबमध्ये ती बोटभर असते, तिथे राफ्ट उलटवते.

नंतर मोठे पूर येतात, धोंडे ढकलून पात्र रुंद करतात. ओढा भरतो आणि नदी साफ करते, असा हा जमाखर्च आहे.

धरण आलं आणि जमाखर्च बिघडला

घळीच्या वरच्या अंगाला २१६ मीटर उंच ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३ मध्ये त्यात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि मोठे पूर थांबले. डिसेंबर १९६६ मध्ये क्रिस्टल नावाच्या ओढ्याने प्रचंड धोंडे आणून टाकले. आता साफ कोण करणार? क्रिस्टल रॅपिड तसाच आवळलेला राहिला.

१९८३ चा उन्हाळा. डोंगरातलं बर्फ उशिरा आणि एकदम वितळलं. जलाशय आधीच भरलेला. सांडव्याचे बोगदे उघडावे लागले आणि आतून गडगडाट ऐकू येऊ लागला. वेगवान पाण्यात दाब घटून वाफेचे बुडबुडे होत होते आणि ते फुटताना काँक्रीट कुरतडत होते. कॅव्हिटेशन! बोगद्यातून काँक्रीट आणि लाल खडकाचे तुकडे बाहेर फेकले जाऊ लागले. आत सुमारे १० मीटर खोल खड्डा पडला. बोगदे कमी वापरता यावेत म्हणून इंजिनियर लोकांनी दरवाजांवर चक्क प्लायवुडच्या फळ्या उभ्या केल्या. नंतर त्याजागी पोलाद आलं. धरण वाचलं.

पण ते पाणी खाली जात होतं आणि खाली माणसं होती. राफ्टवाल्यांना कळावं म्हणून हेलिकॉप्टरमधून चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. क्रिस्टलमध्ये पाच-सहा मीटर उंचीची लाट उभी राहिली होती. २५ जूनला तिथे मोटरबोट उलटून एका प्रवाशाचा मृत्यू झाला.

सुझन कीफर या शास्त्रज्ञ बाईंनी नंतर क्रिस्टलचा अभ्यास केला. जुन्या रॅपिडमध्ये पात्राची अरुंद जागा वरच्या रुंदीच्या निम्मी असते. क्रिस्टलमध्ये ती पूर्वी पाव होती, त्या पुरानंतर ०.४ झाली. म्हणजे नदी सतरा वर्षं तुंबलेलं काम करायला बसली होती आणि त्याच वेळी माणसं मधे होती. सांडव्याच्या बोगद्यात नंतर हवा घेणाऱ्या खाचा केल्या. बुडबुड्यांना हवेची गादी मिळाली की काँक्रीट वाचतं.

वाळूवरची रात्र

राफ्टवाले रात्री वाळूच्या पुळणीवर झोपतात. सगळा कचरा, अगदी शौचसुद्धा, डब्यात भरून बाहेर न्यावं लागतं. लघवी मात्र नदीतच करायची, कारण पुळणीवर तिचा वास धुवायला पाऊस नसतो. पण ही वाळू आता कमी होतेय. गाळ धरणामागे अडकतो. ‘कोलोरॅडो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये तांबूस, आणि धरणाखाली पाणी मात्र बहुतेक वेळा हिरवट, स्वच्छ. १९९६ पासून अधूनमधून मुद्दाम मोठं पाणी सोडून तळातली वाळू काठावर चढवायचा प्रयोग केला जातो.

विजेच्या मागणीप्रमाणे पाणी दिवसात कमीजास्त होतं. रात्री काठाला बांधलेली राफ्ट सकाळी कोरड्या वाळूवर सापडू शकते. आपल्याकडे कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं तेही वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावरच. उद्या आपल्यातलं कुणी अशा कंट्रोल रूममध्ये बसेल. समोर स्क्रीनवर घनमीटर प्रतिसेकंद एवढाच आकडा असेल. तो बदलला की कित्येक तासांनी, कित्येक किलोमीटर खाली, वाळूवर झोपलेल्या कुणाच्या तरी पायाशी पाणी येतं. परीक्षेत डिस्चार्जचं उत्तर काढताना युनिट लिहायला विसरू नका आणि त्या युनिटच्या खालच्या टोकाला माणूस असतो, हेही विसरू नका.