पाल रुसलेली नाही, गारठलेली आहे

लेपर्ड गेको पाळणाऱ्या कोपरखैरणेकरांचं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘आपल्याकडची हवा मुळातच गरम, मग पालीला वेगळी हीट मॅट कशाला?’ गेको जेवेनासा झाला की पुढचा सगळा गोंधळ याच समजुतीतून सुरू होतो. आधी मीलवर्म बदलून क्रिकेट आणतात, मग झुरळं, मग कुठलासा व्हिडिओ पाहून पनीर नाहीतर उकडलेलं अंडं. हा प्राणी किडे खातो, तेही हलणारे. पनीर त्याच्या लेखी अन्नच नव्हे. पण किडा बदलूनही बहुतेकदा काही होत नाही, कारण अडचण चवीची नसते, पोटाखालच्या उबेची असते.

आपलं पोट बाहेर काहीही असलं तरी ३७ अंशांच्या आसपास चालतं. पालीची चूल मात्र बाहेरून पेटवावी लागते. खोलीत २७-२८ अंश असले तरी खाल्लेलं पचायला पोटाखाली ३१ ते ३३ अंशांची जमीन हवी. त्यात हा संध्याकाळनंतर जागा होणारा प्राणी, आणि नेमका तेव्हाच बेडरूमचा एसी २४ वर लागतो. न पचलेला किडा पोटात कुजतो किंवा उलटून पडतो. अशा वेळी खाणं थांबवणं हा त्या शरीराचा शहाणपणाच म्हणायचा. याचे रानातले भाऊबंद पाहा. महाराष्ट्र-गुजरातेत आढळणारी युब्लेफॅरिस फस्कस किंवा २०१४ साली नव्याने नोंदलेली सातपुड्यातली युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस दिवसा दगडाखाली, फटीत दडून असते. उन्हात तापलेला दगड अंधार पडल्यावरही बराच वेळ ऊब सोडत राहतो. काचेच्या पेटीत तो दगड आपणच द्यायचा: एका बाजूला, साधारण तिसरा हिस्सा जागेखाली, थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट. थर्मोस्टॅटशिवाय पोट भाजतं. दुसरी बाजू २५-२६ अंशांची राहू द्या.

‘पेटीत थर्मामीटर आहे, तीस दाखवतो,’ असं यावर उत्तर येतं. काचेला चिकटवलेली ती चकती काचेचं तापमान सांगते. पोट टेकतं तिथली फरशी मोजायला हवी. कोरोनाच्या काळातली कपाळावर धरायची बंदूक घरात असेल तर ती ‘सरफेस’ मोडवर टाका, नाहीतर ती माणसाच्या तापाचा हिशोब करून भलताच आकडा दाखवेल. मे महिन्याचं काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. अख्खी पेटीच ३५ अंशांच्या वर गेली तरीही गेको खात नाही, तेव्हा उन्हाळ्यात काळजी गार कोपऱ्याची करायची.

ऊब बरोबर असूनही जेवत नसेल तर लगेच घाबरू नका. कात टाकण्याआधी, विणीच्या दिवसांत, नव्या घरात आल्यावर उपास होतातच. मोठ्या गेकोला आठवड्यातून दोन-तीनदाच खाणं लागतं आणि गुबगुबीत शेपटीतल्या चरबीवर तो काही आठवडे सहज काढतो. पण ‘शेपटी जाड आहे ना, मग महिनोन्‌महिने चालेल’ हा हिशोब पिल्लाला लावू नका. पिल्लू आठवडाभर जेवलं नाही तर दाखवायलाच हवं. मोठ्याचं वजन दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करा. ६० ग्रॅमचा ५४ वर आला, शेपटी काडीसारखी झाली, जुलाब किंवा उलटी होतेय, जबडा मऊ लागतोय, पाय थरथरताहेत, पोट फुगलंय पण शी नाही, यातलं एकही दिसलं तर थांबू नका. काडीसारखी शेपटी आणि जुलाब एकत्र असतील तर क्रिप्टोस्पोरिडियमची शंका घ्यावी लागते. तो विष्ठेतून पसरतो, म्हणून दुसऱ्या गेकोची पेटी आणि भांडी लगेच वेगळी करा.

आणि कृपा करून जबडा उघडून भरवू नका. कॅल्शियम कमी पडलेल्या गेकोचा जबडा मोडतो, आणि पातळ काही असेल तर ते श्वासनलिकेत जातं. जंताची गोळी चुरून देणं, घरातलं भूक वाढवायचं सिरप पाजणं हे तर सोडूनच द्या; ५०-६० ग्रॅमच्या जिवाचा डोस अंदाजाने काढायचा नसतो. किडे विकतचे, पाळलेलेच घ्या. पेस्ट कंट्रोल झालेल्या सोसायटीतलं झुरळ किंवा धूरफवारणी झालेल्या बागेतला नाकतोडा फुकट मिळतो, पण सोबत विषही आणतो. न खाल्लेले क्रिकेट रात्रभर पेटीत सोडू नका, ते अशक्त गेकोला कुरतडतात.

दवाखान्यात येताना गेकोला भोकं पाडलेल्या डब्यात किचन टॉवेलवर ठेवा, एसीचा झोत लागू देऊ नका. वजनांची वही, पेटीचा फोटो, गरम-गार बाजूंचे आकडे आणि ताजी शी छोट्या डबीत आणा. शी मिळत नसेल तर शेवटची कधी झाली ती तारीख लिहून आणा.